खडखड ड्रममध्ये, बिल बेअरिंगचं

"साहेब, बेअरिंग गेलंय." माझ्या १९८४च्या पद्मिनीचं पुढचं डावं चाक हलवूनही न बघता गॅरेजमध्ये निदान झालं. बेअरिंग बदललं, बिल दिलं आणि गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तीच खडखड सुरू. काढलेलं बेअरिंग मी मागून घेतलं होतं. बोटांत धरून फिरवलं, तर लोण्यासारखं फिरत होतं! कुर्ल्याचा कारखाना पद्मिनी बनवायचा बंद होऊन दोन दशकं उलटली. अशा वेळी धडधाकट जुनं बेअरिंग काढून बाजारात मिळेल ते बसवणं म्हणजे दुहेरी तोटा.

खराब बेअरिंग सहसा खडखडत नाही, ते घरघरतं. वेगाबरोबर आवाज चढतो, वळणावर गाडीचं वजन एका बाजूला गेलं की बदलतो. माझ्या गाडीचा आवाज खड्ड्यांतून हळू जाताना यायचा आणि ब्रेकवर नुसता पाय टेकवला तरी गप्प व्हायचा. खरं तर उत्तर तिथेच होतं. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. शू जागेवर धरणारी स्प्रिंग तुटली होती, त्यामुळे शू आत नाचत होता. ब्रेक दाबला की तो ड्रमला टेकायचा आणि आवाज थांबायचा. स्प्रिंगची किंमत सांगायलाही लाज वाटावी इतकी कमी.

म्हणून गाडी गॅरेजात नेण्याआधी आवाज कधी येतो आणि कशाने थांबतो, ते लिहून काढा. कुठून येतो याबाबत कानावर फार विसंबू नका. पत्र्यातून आवाज फिरतो आणि मागच्या पाट्याच्या बुशची खडखड पुढून आल्यासारखी वाटते. व्हीलकॅप काढून एक चक्कर मारा. कधी कॅपच सैल असते, कधी आत खडा असतो. कॅप निघालीच आहे तर चाकाचे नटही पाना लावून बघा. सैल नटांचा आवाज चाकाच्या फेऱ्यागणिक येतो आणि तो अंगावर काढायचा नसतो.

मग सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचं चाक उचला. खाली स्टँड हवाच. विटांवर गाडी ठेवून खाली शिरणाऱ्यांना काय म्हणावं? चाक वर-खाली धरून हलवा. ढिलाई लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ती नाहीशी झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन किंवा बुश. डावी-उजवीकडे हलवतानाच ढिलाई असेल, तर आधी टायरॉड एंड बघा.

ड्रम उघडलात तर आतली धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. चाक परत चढवल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.