दलालाच्या पेढीत मन लागेना

शेअर दलालाकडे नव्याने लागलेले आमचे काही तरुण म्हणतात, पगार बरा आहे, पण कामात मन लागत नाही. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन पडद्यावरचे भाव बघायचे आणि ग्राहकांचे सौदे टाकायचे. हा आळस असेल तर सवयीने जाईल. पण आधी सौदा कसला, ते पाहावे. शेअर घेणे म्हणजे धंद्यात भागीदारी. निफ्टीच्या ऑप्शनमध्ये मात्र हाती काहीच येत नाही, नुसता भावातला फरक. जेद्दाहच्या फिकह अकादमीने १९९२ साली ऑप्शनचे व्यवहार नाजायज ठरवले. सेबीच्या २०२४ च्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या शंभर व्यक्तींपैकी ९३ जण तोट्यात गेले. दलाली मात्र प्रत्येक सौद्यावर मिळाली! ग्राहक बुडताना पाहून जीव रमत नसेल, तर त्याला आम्ही आळस म्हणणार नाही.

तडकाफडकी राजीनामा देऊ नये, घर चालवायचे असते. त्याच पेढीत कंपन्यांचे ताळेबंद वाचण्याचेही काम असते. कंपनीवर व्याजी कर्ज किती, व्याजाचे उत्पन्न किती, हे शोधणारा माणूस हलाल गुंतवणूक करू पाहणाऱ्या ग्राहकाला हवाच असतो. तिकडे बदली मागून पाहावी.