मनुष्याकृतीची प्रेरणा

प्रश्न : मी हौशी चित्रकार आहे. समकालीन मनुष्यचित्रे पाहिली की हातून निव्वळ अनुकरण होते. काय करावे?

उत्तर : अनुकरणाच्या भयाने चित्रे पाहणे तहकूब करू नये. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञाचा व्यवसाय दीर्घकाळ सांभाळून ज्यांनी इराणी उपाहारगृहातील, लोकलगाडीतील आणि गिरणगावातील सामान्य माणसांचे देह अपार आस्थेने रंगविले, त्या सुधीर पटवर्धनांच्या चित्रांपुढे, निदान त्यांच्या छापील प्रतींपुढे, स्वस्थ बसून, श्रांत खांद्याचा भार चित्रकाराने कोणत्या रेषेवर तोलला आहे, एवढेच प्रथम न्याहाळावे. रंगांचा विचार तूर्त नको. मग पुस्तक मिटून तालुक्याच्या कचेरीत जावे आणि दाखल्यासाठी तिष्ठत उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी, माना, पिशवी धरलेले हात झरझर रेखाटावे. खोडरबर घरीच ठेवावे.