मालेगावचा सुपरमॅन उडतो कसा?

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात शेख नासिर यांनी यंत्रमाग कामगार शफीकला सुपरमॅन केले. ती धडपड फैजा अहमद खान यांच्या २००८च्या माहितीपटात दिसते. उडण्याची युक्ती सोपी आहे: हिरव्या कापडापुढे चित्रण करायचे, संगणक हिरवा भाग काढून तिथे आकाश बसवतो. पोशाख निळा असेल तर निळे कापड चालत नाही, नाहीतर सुपरमॅनच गायब!

मग दोष कुठून येतात? सुरकुतीत हिरवा रंग गडद होतो, तिथे डाग उरतात. कापडावरून परतलेल्या उजेडाने अंगाच्या कडा हिरवट दिसतात. म्हणून कापड ताणा, त्यावर सारखा उजेड पाडा आणि माणसाला दोन मीटर पुढे उभे करा.

ब्लॅकटाउनच्या अंगणात मुलांसोबत करून पाहा. मात्र इथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. जोडलेल्या दृश्यातला उजेड त्याच बाजूचा हवा.