गणंग का राहतात?

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. जत्रा कोणतीही असो, लाह्या-फुटाण्यांची भट्टी आणि पॉपकॉर्नची गाडी पाहिली की आपले पाय थांबतात. आज त्या गाडीवाल्याकडून एक धडा शिकू.

मक्याच्या दाण्यात थोडे पाणी असते. फुलणाऱ्या मक्यात ते सुमारे १३ ते १४ टक्के लागते. दाणा तापला की पाण्याची वाफ होते, पण टणक टरफल तिला बाहेर पडू देत नाही. तापमान १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे नऊपट होतो. टरफल फुटते, मऊ झालेला पिठूळ गर फुगून बाहेर येतो आणि लगेच थंड होऊन तसाच राहतो. साध्या मक्याचे टरफल वाफ नीट कोंडून ठेवत नाही, म्हणून त्याचे पॉपकॉर्न होत नाहीत.

जो दाणा फुलत नाही तो गणंग. मका उघडा राहिला, सुकला किंवा टरफलाला चीर गेली, की गणंग वाढतात. आपल्या आजीला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. नागपंचमीच्या लाह्यांसाठी ती ज्वारीला पाणी लावून, फडक्यात बांधून ठेवी आणि मगच कढईत टाकी.

आता हिशेब पाहा. विक्रेता मका वजनाने घेतो आणि पॉपकॉर्न मापाने विकतो. समजा, १ किलो मक्यात १०० ग्रॅम गणंग राहिले. दहावा हिस्सा माल बुडाला. गॅस, तेल आणि मेहनत मात्र पूर्ण लागली. त्याची मिळकत त्या उरलेल्या दाण्यांतच अडकते. म्हणून जाणता विक्रेता मक्याचा डबा घट्ट बंद ठेवतो. मका सुकलाच, तर किलोला दोन लहान चमचे पाणी शिंपडून, डबा बंद करून तीन-चार दिवस अधूनमधून हलवतो.

भट्टीपुढे दिवसभर उभे राहणे सोपे नाही. पुढच्या वेळी पुडा घेताना भाव करण्याआधी हा हिशेब आठवा.

करून पहा (घरातील मोठ्यांसमोर): ५० दाणे उन्हात दोन दिवस वाळवा, ५० बंद डब्यात ठेवा. दोन्ही वेगवेगळे भाजून गणंग मोजा. शेकडा किती गणंग राहिले, ते वहीत लिहा.