यात्रेस निघालेला आणि यात्रेहून परतलेला

‘तीर्थ’ हा शब्द संस्कृतातील ‘तॄ’, म्हणजे तरणे, पार जाणे, या धातूपासून आला आहे. नदी जेथे पायी ओलांडता येते तो उतार, पाण्यात उतरण्याचा घाट, हा त्याचा मूळ अर्थ होय. पुढे पवित्र स्थळ असा अर्थ रूढ झाला, तरी शब्दाचा जन्म ओलांडण्यातून झाला आहे ही गोष्ट भाविकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पलीकडच्या काठावर गेलेल्या मनुष्याची घरची ओळख, गावातील पत, बसण्याउठण्याचा मान हे सारे अलीकडच्या काठावर राहते. तेथे तो केवळ एक यात्रेकरू असतो.

महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेचे विस्तृत वर्णन आले आहे. यज्ञास विपुल द्रव्य व सामग्री लागते, त्यामुळे तो राजेलोकांना आणि धनिकांनाच साधतो. तीर्थयात्रा मात्र निर्धन मनुष्यासही घडते आणि तिचे फळ यज्ञाहून अधिक आहे, असा अभिप्राय तेथे दिला आहे. परंतु त्याच ठिकाणी एक अटही घातलेली आहे. ज्याचे हात, पाय व मन ताब्यात आहेत आणि ज्याचा अहंकार निवृत्त झाला आहे, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. फळाची महती कीर्तनाप्रवचनांतून वारंवार कानी पडते, अटीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

ही अट किती कठीण आहे, हे संत नामदेवांच्या चरित्रावरून उमगते. नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मधला. शिंपी कुळात जन्मलेला हा बालक पंढरीच्या विठ्ठलास नैवेद्य घेऊन गेला आणि देवाने तो प्रत्यक्ष सेवन केला, ही कथा महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. देवाशी बोलणारा, देवाशी रुसणारा भक्त अशी त्यांची ख्याती होती. असा भक्त पंढरपूर सोडून कशाला जाईल? नामदेवांच्या नावावरील ‘तीर्थावळी’ या अभंगप्रकरणात ज्ञानदेव त्यांना तीर्थयात्रेस चलण्याची विनंती करतात, तेव्हा नामदेव मनापासून नाखूश आहेत. सर्व तीर्थांचे सार असलेला विठ्ठल समोर उभा असताना अन्यत्र काय मिळवायचे, हा त्यांचा प्रश्न आहे. देव सर्वत्र आहे तर घर सोडून जायचे कशाला, असे विचारणाऱ्या आजच्या सुशिक्षित माणसाने या प्रसंगी नामदेव आपल्याच पक्षाचे आहेत असे समजण्यास हरकत नाही!

अखेर विठ्ठलच निरोप देतो आणि आपल्या लाडक्या भक्तास ज्ञानदेवांच्या स्वाधीन करतो. नामदेव गेल्यावर देवालाही करमत नाही, असे तेथे मोठ्या हृद्य रीतीने वर्णिले आहे. पुढे मारवाडच्या रखरखीत मुलखात दोघांनाही तहान लागते. विहीर खोल, पाणी तळाशी. ज्ञानदेव योगसामर्थ्याने तळाशी जाऊन पाणी पितात. नामदेव विठ्ठलाचा धावा करतात आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागते. ही कथा चमत्कार म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी सांगण्यात वावगे काही नाही. परंतु तीत आणखी एक मर्म आहे. ज्या विठ्ठलास नामदेव पंढरीत पाहत होते, त्यास त्यांनी प्रथमच पंढरीबाहेर हाक मारली, आणि ती ऐकली गेली.

नामदेवांच्या अहंकाराची कथा याहून कठोर आहे. ती यात्रेच्या आधीची की नंतरची, याविषयी चरित्रकारांत एकवाक्यता नाही. संतांच्या मेळाव्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाका कुंभारांनी हातातील थापटण्याने एकेकाच्या मस्तकावर थापटून कोणते मडके पक्के व कोणते कच्चे, याची पारख केली. इतर संत शांत राहिले. नामदेव रागावले, आणि कच्चे मडके ठरले. देवाच्या अत्यंत निकट असल्याचा ज्याला विश्वास होता, त्याच्या वाट्याला हा निवाडा आला. नामदेव गाऱ्हाणे घेऊन विठ्ठलाकडे गेले. देवाने समजूत काढण्याऐवजी त्यांना गुरूच्या शोधार्थ विसोबा खेचरांकडे धाडले.

मराठवाड्यातील औंढा नागनाथ येथे नामदेव पोहोचले, तेव्हा विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी संतापून जाब विचारला. विसोबा म्हणाले, की जेथे देव नाही अशा जागी हे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून अन्यत्र ठेवले, तर तेथेही लिंग प्रकटले. पंढरपुराहून औंढ्यापर्यंत चालत आलेल्या पुरुषाला येथे उमगले, की देव सर्वत्र आहे. हेच वाक्य त्यांनी यात्रेस नकार देताना उच्चारले असते तर ते शब्द मात्र राहिले असते; घर सोडल्यावर, मान गेल्यावर, पाय दुखल्यावर त्या शब्दांना अनुभवाचे बळ आले.

इ. स. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर, परंपरेनुसार, नामदेव पुन्हा उत्तरेकडे निघाले आणि दीर्घकाळ पंजाबात राहिले. जे एके काळी पंढरीची वेस ओलांडण्यास राजी नव्हते, त्यांनी परप्रांताची भाषा आपलीशी करून तीत पदे रचली. गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या शीख धर्मग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे स्मारक आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा महाराष्ट्रातील सहस्रावधी मंडळींनी ते पाहिले. पंढरपुरात मंदिराच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. भक्तांची पायधूळ आपल्या मस्तकी लागावी अशी त्यांची इच्छा होती, असे वारकरी सांगतात आणि त्या पायरीवर पाय न ठेवता आत जातात.

आज वाहनांच्या सोयीमुळे चार दिवसांत अनेक देवस्थाने पाहून होतात. वृद्ध व आजारी भाविकांना दर्शन घडते, हे सोयीचे मोठे श्रेय आहे. त्यास नावे ठेवणे योग्य नव्हे. तथापि घरचाच स्वयंपाकी, घरचीच मंडळी आणि घरच्याच गप्पा बरोबर घेऊन गाडी निघाली, की बरेचदा घरच यात्रेस जाऊन येते. धर्मशाळेतील अनोळखी शेजारी, पंगतीत शेजारी बसलेले दूरच्या जिल्ह्यातील कुटुंब, रांगेत पुढे उभा असलेला मजूर यांच्याशी दोन शब्द बोलणेही घडत नाही. देणगीदारांनीही एकदा तरी पावती खिशात ठेवून साध्या रांगेत उभे राहावे. देणगीचे पुण्य त्यामुळे उणे होत नाही, आणि आपले नाव कोणास ठाऊक नाही ही स्थिती घरी सहसा लाभत नाही.

केवळ चालल्यानेही मनुष्य बदलतो असे नाही. विदुषी इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या होत्या. एकाच दिंडीत दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र अभंग म्हणणारी मंडळी भोजनाच्या वेळी जातीजातींनी वेगळी बसतात, हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवले आहे. पाय पुढे जात होते, पंगत जागच्या जागी होती.

याउलट, तीर्थाचा विचारही मनात मुख्य नसताना निघालेल्या एका प्रवाशाचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे यांचे घर कर्जात होते. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार, असे ऐकून ते १८५७ साली काकांसह घरून निघाले. हेतू सरळ द्रव्यार्जनाचा होता. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीत त्यांनी राणी लक्ष्मीबाईंना जवळून पाहिले. १८५८ साली इंग्रजांनी ते शहर घेतले त्या भयंकर दिवसांत जीव मुठीत धरून ते तेथेच दडून राहिले. मिळवलेले द्रव्य एकदा नव्हे, अनेकदा लुटले गेले. एवढ्या हालअपेष्टांत सरळ घराची वाट धरली असती तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. ते काशीस गेले. आईवडिलांना गंगास्नान घडावे म्हणून गंगोदकाची कावड त्यांनी खांद्यावर घेतली आणि ती वरसईपर्यंत आणली. १८८३ साली त्यांनी ही सर्व हकिकत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली.

कर्ज फेडण्यासाठी निघालेला मुलगा जवळजवळ रित्या हातांनी परतला होता. अंगणात वृद्ध मातापित्यांना बसवून त्याने त्या पाण्याने त्यांना स्नान घातले.