जागलीचं कुत्रं आधी झोपू द्या

आमच्या सोनाळा गावात कुत्र्याचं पिल्लू हौसेपेक्षा गरजेनं आणलं जातं. गावाच्या वर सातपुडा, त्यात अंबाबरव्याचं जंगल. रात्र झाली की रानडुकरं आणि रोही हरभऱ्यात उतरतात. वावरात जागलीला एकटं बसण्यापेक्षा सोबत कुत्रं असलेलं बरं. म्हणून दिवाळीच्या मागंपुढं गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं झाली की त्यातलं दांडगं बघून उचलतात, गोठ्यातल्या खुंट्याला सुतळीनं बांधतात आणि वर सांगतात, "घरात घेतलं की नरम पडते. मंग राखन काय करन ते?"

बांधलेलं पिल्लू रात्रभर कोकलतं. पहिल्या रात्री घरातलं कुणीतरी उठून दटावतं, दुसऱ्या रात्री चप्पल भिरकावतं. मग एका रात्री आवाज येत नाही आणि सगळे म्हणतात, रुळलं. माझं सगळं म्हणणं याच ठिकाणी आहे. ओरडून काही उपयोग नाही एवढंच त्याला कळलेलं असतं. झोप काही लागलेली नसते. असं पिल्लू दिवसा पेंगतं, हात लावला की दचकतं, आणि मोठं झाल्यावर प्रत्येक सावलीवर भुंकतं. रोही आली तरी भुंकणार, घरमालक आला तरी भुंकणार. जागलीला त्याचा काय उपयोग?

आमच्याकडे भुऱ्या आला तेव्हा मी त्याला वसरीत, माझ्या खाटेला लागून झोपवायचं ठरवलं. घरात यावर बरीच बोलाचाली झाली. सासऱ्यांचा मुद्दा राखणीचा, सासूबाईंचा चुलीचा आणि देवाचा. शेवटी हद्द ठरली: वसरी त्याची, उंबऱ्याच्या आत पाय नाही. सासूबाईंना आजही तो उंबऱ्यावर आलेला खपत नाही, आणि त्या चूक आहेत असं मला वाटत नाही. हद्द पहिल्या दिवसापासून एकच असली की पिल्लाला कळायला सोपं जातं. आज आत, उद्या बाहेर, पाहुणे आले की गोठ्यात, असं केलं तर ते रोज रात्री नव्यानं रडतं.

पिल्लू का रडतं, हे आधी समजून घ्यायला हवं. जन्मल्यापासून ते कधीच एकटं झोपलेलं नसतं. आईच्या पोटाशी, भावंडांच्या ढिगात, एकमेकांच्या उबेनं ती झोपतात. एका संध्याकाळी ती ऊब, तो वास, ते श्वास सगळं एकदम जातं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरला जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू आपली माणसं आणि आपली जागा ठरवतं, हे त्यातून पुढं आलं. आपण त्याला आणतो ते नेमकं याच काळात, आणि नेमकं याच काळात गोठ्यात एकटं बांधतो. माणसाशी लळा लागायला हवा तेव्हा त्याच्या वाट्याला खुंटा येतो.

आपल्याकडे डोळे उघडले की पिल्लू उचलायची घाई असते. डोळे दोन आठवड्यांच्या सुमाराला उघडतात, तेव्हा त्याला धड चालताही येत नाही. आठ आठवडे, म्हणजे दोन महिने तरी ते आईपाशी राहू द्या. दात किती जोरानं लावायचे हे ते भावंडांकडूनच शिकतं. आधी उचललेलं पिल्लू पुढं पोरांचे हात फोडतं. "तवर दुसरं कोनी नेईन" ही भीती खरी आहे, पण त्यावर उपाय आहे. त्या कुत्रीला रोज भाकर घालायला लागा. कुत्री ओळखीची होते, पिल्लं हाताची होतात, आणि गल्लीलाही कळतं की यातलं एक कुणाचं आहे. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या पिल्लांची नोंद ठेवली होती. २०१६ साली त्यांनी ती छापली. त्यातली जेमतेम १९ टक्के पिल्लं सात महिन्यांची झाली, आणि जी मेली त्यांतल्या ६३ टक्क्यांच्या मरणाला या ना त्या रीतीनं माणूस कारण होता.

पिल्लू सकाळी आणा. संध्याकाळी आणलं तर नवी जागा त्याला पहिल्यांदा दिसते तीच अंधारात. येताना एक जुनं फडकं त्याच्या आईच्या अंगावरून आणि भावंडांवरून नीट पुसून घ्या आणि ते धुऊ नका. बाजारातल्या कुठल्याही गादीपेक्षा या फडक्याचा उपयोग जास्त. झोपायला आम्ही संत्र्याचं प्लास्टिकचं कॅरेट आडवं ठेवलं, आत बारदाना, त्यावर वाकळीचा तुकडा आणि ते फडकं. तीन बाजूंनी बंद, एका बाजूनं उघडं. थंडीत बाटलीत कोमट पाणी भरून, जाड कापडात गुंडाळून आत ठेवावं. पाणी कडकडीत नको, आणि बूच दोनदा तपासा. उशाशी टिकटिक करणारं घड्याळ ठेवा असंही लोक सांगतात. मला त्यात फार दम वाटत नाही. खाटेवरून खाली सोडलेला हात जास्त कामाचा. पिल्लू कुईं करू लागलं की बोटं त्याच्या पाठीला लागू द्यायची, बोलायचं नाही, उचलायचं नाही. तुम्ही तिथं आहात एवढं कळलं की बहुतेकदा ते परत वेटोळं करतं.

रात्रीची झोप दिवसाच ठरते. एवढंसं पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं. पण घरातली पोरं दिवसभर त्याला खेळवतात, ते थकून चिडचिडं होतं आणि रात्री शांत व्हायला विसरतं. दुपारी त्याला त्याच कॅरेटमध्ये झोपू द्या आणि पोरांना सांगा, तो आत असला की हात लावायचा नाही. शेवटचं खाणं दिवेलागणीला. आपल्याकडची रीत वाटीभर दूध-भाकरीची, पण गाई-म्हशीचं जास्त दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, आणि मध्यरात्री हगवण लागते. भाकर मऊ कुस्करून, त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याचं मटणाचं पाणी. कांदा-लसणाचा रस्सा नको, कांदा कुत्र्याला बाधतो.

दोन महिन्यांचं पिल्लू लघवी साधारण तीन तास धरू शकतं, तीन महिन्यांचं चार तास. म्हणजे रात्रीतून एकदा-दोनदा उठणं आलंच. ते रडण्याआधी तुम्ही उठा. रडल्यावर उठलात तर रडलं की माणूस येतो हा हिशेब त्याला लगेच जमतो. उचलून अंगणात एकाच कोपऱ्यात न्यायचं, काम झालं की एक शब्द शाबासकीचा आणि परत. खेळ नाही, खाऊ नाही. बॅटरी मात्र घ्याच, पायाखाली घोणस असू शकते. ज्यांच्या अंगणाला भिंत नाही त्यांनी वसरीतच फुटक्या घमेल्यात माती आणि राख टाकून ठेवावी. आम्ही बरेच दिवस तेच केलं.

भिंतीचं बोलते आहे ते उगाच नाही. अंबाबरवा १९९७ साली अभयारण्य झालं, सव्वाशे चौरस किलोमीटरहून थोडं जास्त, आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वाघ सहसा डोंगरातच असतो, बिबट्या गावकुसापर्यंत येतो. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला होता. उसाच्या त्या भागात त्याच्या पोटात जाणाऱ्या मांसात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा निघाला, वजनानं ३९ टक्के. भुऱ्याचंच एक भावंड शेजारच्या वावरात बांधलेलं होतं. एका सकाळी खुंट्याला नुसती सुतळी उरली होती. बांधलेलं पिल्लू पळू शकत नाही, आणि त्याचं रात्रभराचं रडणं लांबवर ऐकू जातं. आमच्या भागात पिल्लाला आत झोपवणं म्हणजे लाड, असं जो म्हणेल त्यानं या दोन गोष्टींचा विचार करावा.

खाटेपासून लांब न्यायचं ते हळूहळू. पिल्लू सलग झोपायला लागलं की कॅरेट दर दोन-तीन दिवसांनी हातभर सरकवा, खाटेपासून भिंतीकडं, भिंतीपासून दाराकडं. रडलं तर एक हात मागं या. यात्रेचे दिवस, फटाके, लग्नाचा बँड असेल तेव्हा सरकवूच नका. वावरात न्यायचं ते आधी दिवसा, माणसासोबत. रात्रीचं नेणं सात-आठ महिन्यांनंतर, तेही मोकळं नाही. भुऱ्या वावरातल्या कोठ्यात दार लावून झोपतो आणि आतूनच भुंकतो. डुकराला तेवढं पुरतं.

कधीकधी रडण्याचं कारण एकटेपण नसतंच. पोट टमटमीत फुगलेलं, पण बरगड्या दिसताहेत, असं पिल्लू जंतांनी हैराण असतं. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत द्यावं लागतं, मात्रा डॉक्टरांना वजन सांगून विचारावी. गोठ्यातून आलेल्या पिल्लाला पिसवा आणि गोचीड झोपू देत नाहीत. त्यावर बैलांचं गोचिडाचं औषध किंवा कपाशीवरची फवारणी लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यानं पिल्लू रात्रीत मरू शकतं. बारीक कंगवा, कोमट पाण्यानं पुसणं आणि रोज उन्हात वाळवलेला बारदाना, एवढ्यावर बरंच भागतं. उरलेलं डॉक्टरांवर सोडा. पोरांना दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पिल्लू घरचं आहे, लहान आहे, हे तिथं चालत नाही, कारण रेबीज लहान पिल्लालाही होतो. त्याची स्वतःची रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांत, पार्व्हो आणि डिस्टेंपर या रोगांवरची लस सुरू करावी. जंगलाला लागून राहणाऱ्यांनी तर ती टाळूच नये: २०१८ साली गीरमध्ये थोड्याच दिवसांत तेवीस सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि हा रोग कुत्र्यांतून रानात जाऊ शकतो.

आणि रोज कोकलणारं पिल्लू एका रात्री अचानक गप्प पडलं, भाकरीकडं बघेना, उलटी किंवा रक्ताची घाण वासाची हगवण दिसली, तर सकाळची वाट बघू नका. ते बहुतेक पार्व्हो असतं, आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो. दुर्दैवानं पिल्लू गेलंच, तर बारदाना आणि फडकं जाळून टाका. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून त्या अंगणात दुसरं पिल्लू त्याच्या सगळ्या लसी पूर्ण झाल्याशिवाय आणू नका.