घटक ५ : एकट्याच्या सहलीचे नियोजन : वाचन, विचारणा आणि टिपण

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• सार्वजनिक वाहनाने करावयाच्या सहलीचा क्रम सकारण ठरवता येईल.
• बसस्थानकावरील फलकांच्या भाषेचा नेमका अर्थ लावता येईल.
• प्रवासात नेमके उत्तर मिळवून देणारे प्रश्न विचारता येतील.
• स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी उपयुक्त असे प्रवास-टिपण लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण सूचना, निवेदन आणि माहितीपत्रक या व्यावहारिक लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात आपण त्याच कौशल्यांचा एका प्रत्यक्ष प्रसंगी उपयोग करणार आहोत. तो प्रसंग म्हणजे एकट्याने, एसटी आणि रेल्वेच्या आधारे केलेली सहल.

मंडळीसोबत निघालेल्या माणसाची चूक दहाजण मिळून निस्तरतात. एकट्याने निघालेल्याला मात्र ती स्वतःच निस्तरावी लागते. तुमच्यापैकी अनेकजण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकत आहात. वर्षातून कसेबसे दोन-तीन दिवस मोकळे मिळतात. त्यातील एक दिवस चुकीच्या थांब्यावर वाया जाणे ही लहान हानी नव्हे. ‘मला एकटीला जमेल का?’ असा प्रश्न अनेक विद्यार्थिनींच्या मनात असतो. त्याचे उत्तर धाडसाइतकेच पूर्वतयारीवर अवलंबून असते, आणि ही पूर्वतयारी बऱ्याच अंशी भाषिक असते. माहिती वाचणे, विचारणे आणि लिहून ठेवणे ही तिची तीन अंगे होत.

उदाहरणादाखल आपण छत्रपती संभाजीनगर येथे मुक्काम करून वेरूळ, दौलताबाद आणि अजिंठा पाहण्याची तीन दिवसांची सहल घेऊ.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ वार आणि क्रम

नियोजनाचा आरंभ गाडीच्या वेळेपासून न करता स्थळ बंद असण्याच्या वारापासून करावा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तर अजिंठ्याची सोमवारी. समजा, शनिवारी रात्री निघून तुम्ही रविवारी सकाळी संभाजीनगरला पोहोचलात. रविवारी बीबी का मकबरा आणि पाणचक्की, सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा असा क्रम ठेवल्यास सर्व स्थळे पाहून होतात. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा क्रम ठेवल्यास दोन्ही ठिकाणी बंद दार पाहून परतावे लागेल. दिवस तेच, खर्च तोच. केवळ क्रम बदलल्याने सहल निष्फळ ठरते.

एकाच दिवसातील स्थळांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. वेरूळ संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटर, तर दौलताबादचा किल्ला त्याच दिशेला जवळपास निम्म्या अंतरावर आहे. सर्वसाधारण नियम असा की, दूरचे स्थळ आधी पाहावे आणि मुक्कामाच्या दिशेने परतत यावे. म्हणजे दिवस कलताना परतीचे अंतर कमी उरते. या नियमाला अपवादही संभवतो. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरच्या उन्हात कैलास लेणे अधिक उजळते. तो प्रकाश हवा असेल, तर सकाळी किल्ला आणि दुपारी वेरूळ असा उलट क्रम घ्यावा. मात्र परतीच्या गाडीची खात्री आधीच करून ठेवावी. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. जैन लेणी उत्तर टोकाला, इतरांपासून काहीशी दूर आहेत. एका दिवसात वेरूळ आणि किल्ला दोन्ही घडवायचे असल्यास काय सोडायचे हेही आधीच ठरवलेले बरे.

अजिंठा संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे त्या दिवसाला दुसरे स्थळ जोडू नये. जळगाव रेल्वेस्थानकापासून हेच अंतर सुमारे ६० किलोमीटर भरते. ज्यांना उत्तरेकडे जायचे आहे, त्यांनी अजिंठा पाहून जळगावला पुढे जाण्याचा पर्याय विचारात घ्यावा.

५.२.२ फलकाची भाषा

स्थानकावरील फलक थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगतो. पुढील शब्दांकडे विशेष लक्ष द्यावे.

मार्गे : गाडीच्या पाटीवर अंतिम गाव ठळक असते, मधली गावे ‘मार्गे’ या शब्दासोबत येतात. ‘वेरूळ’ अशी पाटी शोधत बसणारा प्रवासी कन्नडकडे जाणारी, वेरूळवरून जाणारी गाडी डोळ्यांदेखत सोडून देतो.

विनाथांबा : ही गाडी मधल्या गावी थांबत नाही. ‘विनावाहक’ असेही लिहिले असल्यास गाडीत वाहक नसतो. तिकीट आधीच काढावे लागते.

विनंती थांबा : येथे गाडी आपणहून थांबेलच असे नाही. चढणाऱ्याने हात दाखवावा लागतो आणि उतरणाऱ्याने वाहकास आधी सांगावे लागते.

मुक्कामी गाडी : रात्री शेवटच्या गावी थांबून सकाळी परतणारी गाडी. संध्याकाळी ती तुम्हाला गावात नेईल. त्याच दिवशी परत आणणार नाही.

वेळ : फलकावरील वेळ कोणत्या ठिकाणची, हे पाहावे. गाडी जेथून सुटते तेथील वेळ आणि तुम्ही उभे असलेल्या मधल्या थांब्यावर ती येण्याची वेळ यांत तासा-दोन तासांचे अंतर असू शकते.

५.२.३ विचारणेची भाषा

फलक अपुरा पडतो तेथे माणसाला विचारावे लागते. ‘ही गाडी वेरूळला जाते ना?’ या प्रश्नातील ‘ना’ हे अव्यय उत्तर आधीच सुचवते. घाईत असलेला किंवा भिडस्त माणूस सहज ‘हो’ म्हणून जातो. त्याऐवजी ‘ही गाडी कुठे जाते? कोणत्या मार्गे?’ असे विचारल्यास सांगणाऱ्याला स्वतःची माहिती द्यावी लागते. त्याचप्रमाणे ‘परतीची गाडी आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘परतीची शेवटची गाडी किती वाजता येते, कुठे थांबते आणि आज आहे का?’ हे तिन्ही भाग विचारावेत. सुट्टीच्या दिवशी काही फेऱ्या रद्द होतात. म्हणून ‘आज’ हा शब्द महत्त्वाचा.

स्थळनामांबाबतही सावध राहावे. प्रस्तुत घटकलेखक विद्यार्थिदशेत प्रथमच एकटा अजिंठ्यास निघाला, तेव्हा त्याने वाहकाला विचारले, ‘अजिंठा आलं का?’ वाहकाने ‘आलं’ म्हटले आणि लेखक उतरला. ते अजिंठा गाव होते. लेणी तेथून पुढे, घाट उतरल्यावर, फर्दापूरच्या बाजूला आहेत. पुढची गाडी मिळून लेण्यांपर्यंत पोहोचेतो दिवसाचा मोठा भाग संपला होता. वाहकाचे उत्तर बरोबर होते, चुकला होता तो प्रश्न. ‘अजिंठा लेण्यांच्या फाट्यावर उतरायचे आहे’ एवढे म्हटले असते तर दिवस वाचला असता. फाट्यापासून लेण्यांपर्यंतचे सुमारे ४ किलोमीटर अंतर तेथील स्वतंत्र बसने जावे लागते. परतताना त्या बसच्या रांगेचा वेळही हिशेबात धरावा.

५.२.४ प्रवास-टिपण

मिळालेली माहिती स्मरणावर न सोडता टिपणात उतरवावी. भ्रमणध्वनी बंद पडू शकतो. खिशातील कागद बंद पडत नाही. टिपणात क्रियापदे कमी आणि नेमके तपशील अधिक असावेत. नमुना पाहा :

मंगळवार – अजिंठा लेणी.
जाणे : मध्यवर्ती बसस्थानकातून जळगावकडे जाणारी, सिल्लोडमार्गे गाडी. वेळ : ……
उतरणे : लेण्यांचा फाटा (अजिंठा गाव नव्हे).
परतीचा निर्णय : दुपारी ३ वाजता लेण्यांतून बाहेर.
परतीच्या गाड्या : …… शेवटची : ……
शेवटची चुकल्यास : फर्दापूरला मुक्काम. निवासाचा दूरध्वनी : ……
घरी कळवणे : पोहोचल्यावर आणि परतीच्या गाडीत बसल्यावर.

यातील ‘चुकल्यास’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची. परतीसाठी शेवटची गाडी कधीही गृहीत धरू नये. तिच्या आधीची गाडी आपली मानावी आणि शेवटची राखीव ठेवावी. टिपणाची एक प्रत घरच्यांना द्यावी. त्यांची काळजी पूर्णपणे मिटेल असे नाही, परंतु तुम्ही कुठे असाल हे त्यांना ठाऊक राहील.

खर्चाच्या अंदाजात सवलतींचा विचार करावा. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) योग्य की अयोग्य ते सांगा.
१. विनंती थांब्यावर प्रत्येक गाडी थांबते.
२. मुक्कामी गाडी त्याच रात्री परत येते.
३. ‘मार्गे’ नंतर गाडीचे अंतिम ठिकाण दिलेले असते.

(उत्तरे : तिन्ही विधाने अयोग्य.)

५.३ सारांश

एकट्याच्या सहलीत स्थळांचे बंद वार पाहून क्रम ठरवावा. फलकावरील प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ ध्यानात घ्यावा. उत्तर सुचवणारे प्रश्न टाळून मार्ग, थांबा आणि वेळ स्वतंत्रपणे विचारावी. मिळालेली माहिती टिपणात नोंदवून पर्यायी व्यवस्थाही लिहून ठेवावी.

५.४ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘प्रश्नाची रचना उत्तराला वळण देते’ हे विधान तुमच्या अनुभवातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. एकच नाव गाव आणि प्रेक्षणीय स्थळ अशा दोहोंना असल्याने होणाऱ्या संदिग्धतेचे तुमच्या जिल्ह्यातील एक उदाहरण द्या आणि ती टाळणारे वाक्य लिहा.

उपक्रम : जवळच्या बसस्थानकावर जाऊन तेथील फलकांवरील दहा शब्द टिपून घ्या. त्यानंतर, अनेक वर्षे पाहायचे राहून गेलेले एक स्थळ निवडा आणि एका दिवसाचे प्रवास-टिपण तयार करा. शक्य झाल्यास ती सहल प्रत्यक्ष करा आणि टिपणात कोणती ओळ लिहावयाची राहिली होती, ते परतल्यावर नोंदवा.